बुडालं की बाद

“पण बुडालं की बाद असतं ना हो?” केतकी म्हणाली.

सुहासनं फासा टाकायला उचललेला हात खाली घेतला. शैला वाटीतले खवट शेंगदाणे वेचून बाजूला टाकत होती, ती थांबली. केतकीचा नवरा नंदन पटाकडेच बघत राहिला, जणू त्यानं ऐकलंच नव्हतं.

त्याचं जहाज नुकतंच वादळात बुडालं होतं. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे सुहासनं त्याचा लाकडी खलाशी उचलून माझ्या जहाजावर ठेवला होता, कारण त्या वेळी समुद्रात मीच त्याच्या सगळ्यांत जवळ होते. आता मी आणि नंदन मिळून एकच जहाज हाकणार, पुढचं बंदर लागलं की त्याला नवी होडी मिळणार आणि तो पुन्हा वेगळा होणार. बुडालेल्याला जवळच्या जहाजानं उचलायचं, हा नियम होता. आमच्या खेळातून कुणी बाद होत नसे.

“तुला कोण म्हणालं?” सुहासनं विचारलं.

“आमच्या हॉस्टेलवर होता ना हा खेळ, पुण्याला. सगळ्या मुली मिळून खेळायचो.” केतकी मांडी बदलून पुढे सरकली. “यात खलाशी उचलायचं वगैरे काही नसतंच. वादळ आलं, शिडं कमी पडली, की बुडालं. बुडालं की तो माणूस बाद. शेवटी एक उरतो, तो जिंकला.”

“आमच्याकडे असंच खेळतात,” सुहास म्हणाला आणि फासा टाकला.

“पण मग यात हरतं कोण?”

मला हसूच आलं. इतक्या शनिवारांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. खरंच, हरत कोण होतं? कुणीच नाही. अंधार पडेपर्यंत खेळायचं, मग शैला जेवणाची पानं घ्यायला उठली की ज्याच्या जहाजात जास्त मिरी नि लवंगा असतील त्याला राजा म्हणायचं आणि पट आवरायचा.

ही गोष्ट जुनी. केतकीची मुलगी आता कॉलेजात जाते. तेव्हा केतकी स्वतःच लग्न होऊन नुकती चिपळूणला आली होती, वर्ध्याहून. इथली दमट हवा, कुळथाचं पिठलं, आमचं अर्ध्यावर सोडून दिलेलं बोलणं, सगळंच तिला नवीन होतं. नंदन लोट्याला एका रसायनांच्या कारखान्यात होता. सुहासचं बाजारात पंप आणि मोटारींचं दुकान, मागे घर. सुहास, नंदन आणि माझा नवरा अजेय एका शाळेत शिकलेले. नंदन दोघांहून लहान, म्हणून तो मला वहिनी म्हणायचा. अजेय कुंभार्ली घाटात मोटरसायकलच्या अपघातात गेला, त्यानंतरही वहिनीच म्हणायचा.

खेळ सुहासच्या मेव्हण्यानं दुबईहून आणलेला. खोक्यावर सगळं इंग्रजी. सुहासनं एकट्यानं नियम वाचले आणि आम्हाला सांगितले, आम्ही ऐकले. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे मला त्या पटाची वेगळीच गंमत वाटायची. त्यावरची श्रीलंका गुजरातपेक्षा मोठी होती आणि कोकण किनारा कापून टाकल्यासारखा सरळ होता. सुहासला मी दर वेळी ते दाखवायचे आणि तो दर वेळी म्हणायचा, “तू चूप बस, मास्तरीण.”

“एकदा खऱ्या नियमानं खेळून बघू या की,” मी म्हणाले.

“काही नको,” सुहास म्हणाला.

“का? केतकीला येतो तो खेळ. ती सांगेल.”

“केतकी, राहू दे,” नंदन पहिल्यांदाच बोलला. खालच्या आवाजात, पण नवरा बायकोला चारचौघांत दटावतो तसा. केतकीचा चेहरा उतरला. परक्या घरात आपण काही चुकीचं बोललो की काय, अशी ती एकेकाकडे बघायला लागली. मला ते बघवेना.

“असं काय करता रे?” मी म्हणाले. “ती पोरगी तीन आठवडे नुसती आपला खेळ बघतेय. आज ती म्हणेल तसं खेळू. शैला, सांग ना तुझ्या नवऱ्याला.”

शैला सुहासकडे बघत होती. दोघांच्यात काहीतरी झालं, डोळ्यांनीच. मग ती म्हणाली, “एक डाव. मग मला आंबोळ्या घालायच्यात.”

मी सगळी जहाजं पुन्हा बंदरात लावली. मला उत्साह आला होता. खोटं कशाला बोलू, हरण्याची शक्यता आहे म्हटल्यावर फासे हातात वेगळेच लागत होते. मी आफ्रिकेच्या बाजूनं निघाले. केतकी माझ्या मागोमाग. माझी पाळी आली की सुहासचं लक्ष फाशाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त असायचं.

तिसऱ्या का चौथ्या फेरीला मी वादळाचं पान उचललं. माझ्याकडे एकच शीड होतं.

“गेलं!” केतकीनं टाळी वाजवली. “ताई, तुम्ही बाद!”

“बाद तर बाद,” मी माझं जहाज उचलून खोक्यात टाकलं. “चला, सुटले. मी जरा तोंड धुऊन येते. उकडून जीव गेला.”

मे महिना होता. दुपारपासून माझं डोकं ठणकत होतं. मी उठले तशी शैलाही उठली.

“मी येते.”

“तुझी पाळी आहे की.”

“असू दे.”

“शैला, बस गं,” मी म्हणाले. “तोंड धुवायला मला सोबत कशाला?”

ती बसली, पण अर्धीच, पाट सोडून जमिनीवर. मी स्वयंपाकघरातून मागच्या परसात गेले. सुहासच्या घराचं न्हाणीघर तेव्हा बाहेर होतं, विहिरीच्या वाटेवर. मी आत गेले, सवयीनं कडी घातली आणि पिंपात नळ सोडला. पाणी गार होतं. मी चेहरा धुतला, मान धुतली, पदर ओला करून कपाळावर धरला आणि तिथल्या दगडावर जरा टेकले. नळाचा आवाज चांगला मोठा होता. त्या आवाजात डोकं उतरल्यासारखं वाटत होतं.

आत काय चाललं होतं ते मला मागाहून केतकीनं सांगितलं. मी गेल्यागेल्या शैलानं वादळाचं पान नसतानाच आपलं जहाज उलटं केलं आणि म्हणाली, “मीपण बुडाले.” केतकी हसून म्हणाली, “असं कसं हो वहिनी, तुमच्याकडे तर तीन शिडं आहेत.” तोवर सुहासनं आणि नंदननंही आपापली जहाजं पटावरून काढली. “तुम्ही मुद्दाम बुडवून राहिले,” ती म्हणाली, “मला नसेल खेळायला घ्यायचं तर तसं सांगा ना.” तिच्याकडे लक्ष द्यायला तिथे कुणी उरलं नव्हतं.

मला पहिलं ऐकू आलं ते दार. कुणीतरी दोन्ही हातांनी दार बडवत होतं.

“मीनल! कडी काढ! मीनल!”

मला वाटलं आग लागली. मी धडपडत उठले, नळ तसाच सोडून कडी काढली.

समोर शैला होती, बडवायला उचललेले हात तसेच वर. तिच्यामागे सुहास एक पाय मागे रोवून, खांदा पुढे काढून उभा. आणि नंदनच्या हातात पहार. विहिरीपाशी माडांना आळी करायला ठेवलेली लोखंडी पहार त्यानं दोन्ही हातांत धरली होती.

“काय झालं?” मी विचारलं. माझ्या हनुवटीवरून पाणी गळत होतं.

सुहासनं खांदा खाली घेतला. नंदननं पहार भिंतीला टेकवली, आवाज होणार नाही इतकी सावकाश.

“हाका मारत होते मी,” शैला म्हणाली. “तुझा आवाज येईना.”

“नळ सोडला होता.”

“हो. ते लक्षातच आलं नाही.”

असं म्हणता म्हणता तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि मनगटं उलटी करून पाहिली. मला वाटतं, तिला स्वतःलाही कळलं नसेल आपण काय करतोय ते. भाजी निवडताना मेथीची जुडी उलटीसुलटी करून बघतात, तसं सहज बघितलं.

तेव्हा मला कळलं.

“तुम्हाला माहीत आहे,” मी म्हणाले.

शैलानं हात सोडले.

अजेय गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी, श्रावणात, मी जीव द्यायचा प्रयत्न केला होता. आई त्या दिवशी शेजारी गेली होती ती छत्री विसरली म्हणून परत आली, एवढ्यानं मी वाचले. मला साताऱ्याच्या दवाखान्यात नेलं, आणि आईनं गावात सांगितलं की मीनलला अळंबी बाधली. पावसाळ्यात रानातली अळंबी कुणाला ना कुणाला बाधतेच, त्यामुळे ते सगळ्यांना पटलं. निदान मला तरी तसं वाटत होतं. शाळेत बायकांनी अळंबी कशी ओळखावी यावर मला चार चार गोष्टी ऐकवल्या. शैलानं तर त्यानंतर आपल्या घरात अळंबी कधी शिजवली नाही, आणि मी मनात म्हणायचे, बघा, किती भोळी आहे. आई गेली तेव्हा मला वाटलं होतं की आता हे माझ्याशिवाय आणि त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशिवाय जगात कुणाला माहीत नाही.

“नंदन, केतकीला आत ने,” सुहास म्हणाला.

केतकी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती, हातात तिचं लाल जहाज. नंदननं तिला दंडाला धरून आत नेलं. परसात आम्ही तिघं उरलो. न्हाणीघरात नळ वाहत होता, तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

“कोण बोललं?”

“मावशी,” सुहास म्हणाला. मावशी म्हणजे माझी आई. “तू दवाखान्यातून घरी आलीस, त्याच आठवड्यात रिक्षा करून दुकानात आल्या. गिऱ्हाईक होतं, तर बाहेर बाकड्यावर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, शनिवारची संध्याकाळ तिला जात नाही. इतर दिवशी शाळा असते, रविवारी मी तिला कामाला लावते. शनिवारी ती दोघं फिरायला जायची. तेवढी एक संध्याकाळ सांभाळा माझ्या पोरीला.”

आईचा आवाज मला त्या वाक्यात जसाच्या तसा ऐकू आला.

“म्हणजे हा खेळ...”

“खेळ घरात पडून होता. दुसरं काय करणार होतो? गप्पा मारायला बसलो तर तू दहा मिनिटांत उठून जायचीस.”

“आणि नियम?”

शैला म्हणाली, “पहिल्याच दिवशी ह्यांनी वाचून दाखवलं मला, बुडालं की बाद. मी म्हटलं, मग मीनल बाद झाली तर? कोपऱ्यात बसून काय करेल? उठून घरी जाईल.” ती थांबली. “म्हणून बदललं.”

मला रडू यायला हवं होतं, नाही? आता सांगताना तसं वाटतं. त्या वेळी मला फक्त लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ राग. किती शनिवार मी इस्त्रीची साडी नेसून, शाळेतल्या गमती गोळा करून तिथे गेले होते. मी बरी आहे, मी हसते, मी जेवते, असं दाखवायला. आणि ही माणसं समोर बसून माझ्या प्रत्येक घासावर नजर ठेवून होती.

“मी इथे खेळायला येत होते,” मी म्हणाले, “आणि तुम्ही पहारा देत होता.”

“हो,” सुहास म्हणाला. “देत होतो पहारा. मग?”

“मग मला एकदा विचारावंसं नाही वाटलं? इतक्या वर्षांत? एकदा?”

“काय विचारायचं?” त्याचा आवाज चढला. “काय विचारायचं ते सांग. मीनल, आज मरावंसं वाटतंय का, आंबोळी वाढू का, असं?”

“अहो!” शैला ओरडली.

“तिला कळू दे. अजेय गेला तेव्हा मी त्याला घाटातून उचलून आणलंय. मला दुसऱ्यांदा कुणाला उचलायचं नाही.” तो वळला, न्हाणीघरात जाऊन त्यानं नळ बंद केला आणि तिथेच पाठमोरा उभा राहिला.

शैला माझ्या जवळ आली. “तू दार लावलंस की मी अजून आतला आवाज ऐकत राहते,” ती म्हणाली. “मी काय करू? मला नाही जमत ते सोडायला.”

मी तिच्या बाजूनं निघून आत गेले. पटावर केतकीचं लाल जहाज सोडून एकही जहाज नव्हतं. तिनं ते परत आणून होतं तिथेच ठेवलं होतं. मी पर्स घेतली आणि चपला घातल्या. “वहिनी, मी सोडतो,” नंदन म्हणाला. मी नको म्हणाले. बाजारपेठेतून चालत निघाले, तर मागून स्कूटर अगदी हळू येताना ऐकू येत होती. मी थांबले की ती थांबायची. माझ्या फाटकाशी मी वळून त्याला म्हणाले, “आता जा. पोचले मी जिवंत.” नंदननं मान खाली घातली. असं बोलल्यावर मला बरं वाटलं, आणि लगेच ते बरं वाटणंही नकोसं झालं.

पुढच्या शनिवारी मी गेले नाही. शैलाचा फोन आला, मी उचलला नाही. शेजारच्या मुलीकरवी निरोप पाठवला, ताई कामात आहेत. त्या शनिवारी मी घरातले सगळे डबे रिकामे करून घासले. सुट्टी लागली होती, त्यामुळे शाळेचा आधार नव्हता.

त्याच्या पुढच्या शनिवारी ते परत आलं. ते म्हणजे काय, हे मला कुणाला नीट सांगता येत नाही. पाय जड होतात, आणि खोलीतल्या वस्तू, खुर्ची, कपाट, पाण्याचा तांब्या, सगळं आपल्यापासून मागे मागे सरकत जातं. बरीच वर्षं ते इतकं जवळ आलं नव्हतं. मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. रस्त्यानं आंब्यांच्या पेट्या भरलेला टेम्पो गेला, कुणी मला नमस्कार केला, मी केला. दिवे लागले तेव्हा ते ओसरलं. तेव्हा पहिल्यांदा मला शंका आली की इतक्या शनिवारी मी बरी होते, ती माझी मी होते की नाही.

पण गेले नाही. मी हट्टी आहे. आई म्हणायचीच तसं.

केतकी आली ती त्यानंतरच्या शनिवारी, उन्हं उतरता उतरता. मी माजघरात फणसाच्या आठळ्या सोलत बसले होते. सकाळपासून मन ठिकाणावर नव्हतं, म्हणून हाताला काम दिलं होतं. ती दारात उभी राहिली. छत्री नाही, पर्स नाही, चेहरा उन्हानं लाल.

“येऊ का ताई?”

ती समोर बसली. पाणी प्यायली. मग एकदम बोलायला लागली.

“मला कोणी काही सांगून नाही राहिलं. ह्यांना विचारलं तर म्हणतात, तुझी चूक नाही. माझी चूक नाही तर मग बोलत का नाही माझ्याशी धड? शैलावहिनींकडे गेली होती, त्यांनी सरबत दिलं आणि रडल्या. का रडल्या, सांगत नाहीत. शनिवार बंद. मी आल्यापासून तेवढंच एक घर होतं मला जायला.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “मी काहीतरी तोडलं, ताई. पण काय तोडलं तेच मला माहीत नाही. नियम तर तेच होते हो. शपथ. तेच आहेत.”

“तेच आहेत,” मी म्हणाले. “तुझे बरोबर होते.”

“मग?”

मी तिच्याकडे बघितलं. चोवीस-पंचवीसची असेल. माझ्या जवळच्या माणसांत हिला एकटीलाच माझ्याविषयी काही माहीत नव्हतं. हिच्यासमोर मी फक्त मीनलताई होते, भूगोल शिकवणारी, जरा हसरी, नवरा अपघातात गेलेली. उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. सुहासचं आणि माझं जुनं भांडण आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस. तिनं विश्वास ठेवला असता. मला एक तरी माणूस तसं राहिलं असतं.

मी हातातली आठळी ताटात ठेवली.

“केतकी, अजेय गेल्यानंतर मी एकदा जीव द्यायला गेले होते,” मी म्हणाले. “ते या सगळ्यांना माहीत आहे. मला वाटत होतं कुणालाच माहीत नाही. मी एकटी पडू नये म्हणून त्यांनी तो नियम केला होता.”

हे वाक्य मी त्याआधी कधीच उच्चारलं नव्हतं. आईशी नाही. डॉक्टरांशी बोलले होते, पण तिथे ते विचारायचे आणि मी मान हलवायचे. माझ्या स्वतःच्या आवाजात ते फार लहान वाक्य निघालं.

केतकीनं तोंडावर हात नेला नाही की अगंबाई म्हटलं नाही. पुढ्यातल्या आठळ्यांतली एक उचलून तिनं नखानं सोलायला सुरुवात केली. तिला ते येत नव्हतं, वर्ध्याकडे कुठली आठळी. मग खाली बघतच तिनं विचारलं,

“आणि आता?”

“आता काय?”

“आता वाटतं का तसं?”

परसात सुहासवर मी ओरडले होते, एकदा तरी विचारायचं होतं. आणि आता कुणी विचारलं तर मी ताटातली आठळी पुन्हा हातात घेतली. नाही म्हणणं किती सोपं होतं. मी रोजच म्हणत होते.

“कधी कधी,” मी म्हणाले.

“आज?”

मी तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण तिनं नजर हटवली नाही.

“आज सकाळपासून,” मी म्हणाले.

तिनं मान हलवली. घाबरली होती, हे दिसत होतं. पण तिनं माझं मनगट धरलं नाही की दाराकडे बघितलं नाही. “मग काय करता तुम्ही अशा वेळी?” तिनं विचारलं. मी सांगितलं, पायरीवर बसते, डबे घासते, थांबते. गेल्या वेळी दिवे लागल्यावर गेलं होतं. ती म्हणाली, “एकट्याच थांबता?” मी म्हणाले, हो. “डॉक्टरांना सांगितलं?” मी म्हणाले, नाही, दवाखाना सोडून खूप दिवस झाले. “मग सोमवारी जाऊ,” ती म्हणाली, जसं बाजारात जायचं ठरवावं तसं. “पण आज सोमवार नाही ना हो, ताई.”

मी उठले. हात चिकट होते, तसेच पदराला पुसले आणि फोनपाशी गेले. सुहासचा नंबर मला पाठ होता. पहिली घंटा पुरती वाजलीही नसेल, शैलानं उचलला.

“काय झालं?” तिनं विचारलं. माझा आवाज ऐकण्याआधीच.

“काही झालेलं नाही,” मी म्हणाले. “शैला, मला आज बरं वाटत नाहीये. ते तसं. डोकं वगैरे नाही.”

पलीकडे ती श्वास घेत होती ते ऐकू येत होतं. पूर्वी अशा वेळी आम्ही दोघींनी मिळून काहीतरी तिसरंच बोलायला काढलं असतं, कुणाचं लग्न, कुणाची बदली.

“येऊ?” ती म्हणाली.

“ये.”

शैला आली ती घरातल्याच साडीवर, वेणी अर्धी सुटलेली, पायात सुहासच्या चपला. आत येऊन माझ्याजवळ बसली, आणि काय बोलावं ते न सुचून तिनं केतकीच्या हातातल्या आठळ्या ओढून घेतल्या. “अशा नाही सोलत गं, नखं जातील. ठेचायच्या आधी जरा.” केतकी रडता रडता हसली. शैला सोलत राहिली, केतकी साली गोळा करत राहिली, आणि मी त्या दोघींच्या मध्ये भिंतीला टेकून बसले. बरं वाटलं असं म्हणत नाही. पण खोलीतल्या वस्तू आपापल्या जागी होत्या.

थोड्या वेळानं मी विचारलं, “तू कशी आलीस?”

“ह्यांनी सोडलं,” शैला म्हणाली. “फाटकाबाहेर उभे आहेत. म्हणाले, माझ्यावर चिडलीये, मी आत येत नाही. तिचं झालं की हाक मार.”

मी खिडकीतून बघितलं. सुहास स्कूटरला टेकून उभा होता, पाठ घराकडे करून. डास चावत असणार, तो एकेक पाय झटकत होता.

“अंधार पडायला आला,” मी म्हणाले. “त्याला म्हणावं, आत ये.”